अर्थ उद्या

त्या रविवारी काहीही घडलं नाही. हे मी तपासून सांगते आहे, कारण पुढच्या दहा दिवसांत तो रविवार मी पुढून-मागून इतक्या वेळा पाहिला, की त्यात काही घडलं असतं तर मला सापडलं असतं. सकाळच्या एसटीने मी गोंदियाहून गावी आले. आईने लाखोरीच्या डाळीचे वडे केले, त्यातला एक घाणा करपला आणि त्याचा दोष तिने गॅस कंपनीला दिला. बाबांनी रेडिओचे सेल उन्हात ठेवले आणि दुपारी उलटे करून पुन्हा ठेवले. मी वर्तमानपत्रातलं धानखरेदीचं पान दोनदा वाचलं, कारण उरलेली पानं आईने वड्यांखाली घेतली होती. चार वाजता बाबा मला बसथांब्यावर सोडायला आले. बसथांबा आमच्या घरापासून चाळीस पावलांवर आहे, त्यामुळे 'सोडायला' हा शब्द जरा मोठाच झाला. पण त्यासाठी ते चप्पल बदलून यायचे.

त्या चाळीस पावलांत त्यांचा फळा लागतो. बाबा, म्हणजे लीलाधर गुरुजी, आमच्या तालुक्यातल्या शाळांमधून तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या कुंपणाच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूने, एक काळा चौकोन रंगवून घेतला. त्यावर रोज सकाळी सात वाजता एक इंग्रजी शब्द लिहिला जायचा आणि त्याखाली बारीक अक्षरात 'अर्थ उद्या'. उद्या आला की त्या शब्दाचा अर्थ आणि वाक्यात उपयोग, शेजारी नवा शब्द आणि पुन्हा 'अर्थ उद्या'. अकरा वर्षं हे चाललं. अर्थ लगेच का नाही, असं कुणी विचारलं तर बाबा म्हणायचे, माणसाने एक दिवस तरी माहीत नसताना काढावा, प्रकृतीला बरं असतं. मोबाइलमध्ये अर्थ पाहणं ही कॉपी धरली जायची. ती पकडण्याची कोणतीही सोय बाबांकडे नव्हती. पण अर्धं गाव त्यांच्या वर्गात बसून गेलेलं असल्यामुळे सोयीची गरज पडली नाही.

मी गोंदियाच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकांमध्ये आठ तास उभं राहिलेल्या माणसाच्या अंगात मजकूर आपोआप मुरतो, अशी लोकांची समजूत असते. बाबांचीही असावी. रोज संध्याकाळी साडेसातला त्यांचा फोन यायचा. आधी शब्द, मग प्रश्न: "माहीत आहे?" फार वर्षांपूर्वी एकदा मी नुकतीच खोलीवर पोचले होते, गॅसवर दूध होतं, आणि मी म्हणाले, "हो, माहीत आहे." त्यावर ते "शाब्बास" म्हणाले. ते अशा आवाजात म्हणाले, की त्यानंतर मला कुठलाही शब्द माहीत नसणं अशक्य होऊन बसलं. अर्धे शब्द मला खरोखरच माहीत असायचे. उरलेले सुरुवातीला मी फोन ठेवून शोधायची. नंतर तेही सोडलं.

त्या रविवारी फळ्यावर 'जेजून' होता.

"पाहिला आजचा?" बाबांनी विचारलं.

"पाहिला."

"माहीत आहे?"

बस वळणावर दिसत होती. "माहीत आहे, बाबा."

"शाब्बास," ते म्हणाले, आणि वड्यांचा डबा माझ्या हातात दिला. "पोचलीस की मिस कॉल दे."

मी मिस कॉल दिला.

सोमवारी सकाळी, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत बसतो, असं आईला सांगून बाबा ओसरीत खुर्चीवर बसले, आणि ते बसलेलेच राहिले. डॉक्टरांनी कागदावर जे लिहिलं त्याच्याबद्दल मला काही सांगायचं नाही. त्यातले सगळे शब्द मला माहीत होते.

तिसऱ्या दिवशी ओसरीत वीस-पंचवीस माणसं बसली होती. आमच्या समोर राहणारी धुरपताबाई पुढे सरकली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण अकरा वर्षं रोज सकाळी रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही थांबवून ती फळा वाचून घेत आली आहे. बाबांचे तीनेकशे शब्द तिला पाठ होते आणि ती ते सुनेवर वापरायची.

"पोरी," ती म्हणाली, "गुरुजी गेले ते गेले. पन तो शब्द मधातच लटकून राहिला ना. आता अर्थ कोन सांगन?"

"रश्मी बेटा सांगन ना," घनश्यामभाऊ म्हणाले. घनश्यामभाऊ आमच्या सरपंच अल्काताईंचे यजमान. सही अल्काताईंची असते, बाकी सगळं घनश्यामभाऊंचं. "गुरुजी आमाले नेहमी सांगत. म्हणत, माझ्या मुलीला अडेल असा शब्द मला अजून भेटायचा आहे."

ओसरीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. 'पाहून सांगते' एवढे दोनच शब्द पुरले असते. मी ग्रंथालयात दिवसातून चाळीस वेळा ते म्हणते, आणि त्याबद्दल मला पगार मिळतो. पण समोर बाबांचा फोटो होता, नुकताच फ्रेम करून आलेला, काचेवर दुकानदाराचा अंगठा उमटलेला. आणि त्याच्यासमोर मला अडणं शक्य नव्हतं. फ्रेंच भाषेत तरुणाला साधारण असाच उच्चार असलेला शब्द आहे, असं मी कुठल्याशा तळटीपेत वाचलं होतं. माणसाने तळटीपा वाचू नयेत, असं माझं तेव्हापासून मत झालं आहे.

"चिरतरुण," मी म्हणाले. "मनाने कायम ताजा असणारा."

ओसरीभर एक सुस्कारा गेला.

"पाहा," घनश्यामभाऊ म्हणाले, "एकोणसत्तर वर्षांचा मानूस. उद्या जायाचं हाये, आन् आज हा शब्द लिहून राहिला."

"त्याईले समजलं होतं," धुरपताबाई म्हणाली.

 आईने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं, आणि चहाचे कप उचलायला लागली.

माझी अपेक्षा होती की प्रकरण इथे संपेल. पण धान घरात आलेलं होतं, लोकांना सवड होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फळ्यावरचं खडूचं अक्षर कसं टिकवावं यावर मतं यायला लागली. दव पडतं, म्हणून कुणी प्लास्टिक बांधलं. प्लास्टिकच्या आत वाफ धरते, म्हणून कुणी ते सोडलं. धुरपताबाईच्या मते अंड्याच्या पांढऱ्याचा हात द्यायला हवा होता. गुरुजी शाकाहारी होते, असा त्यावर एक आक्षेप आला. ते शाकाहारी नव्हते, असं आईने घरातून ओरडून सांगितलं. धानाच्या गिरणीवाल्याने केसांवर मारायचा फवारा सुचवला आणि त्याच्याकडे तो का आहे, याचा खुलासा त्याला बराच वेळ करावा लागला. मी म्हणाले, खडू आहे, पुसला जाणारच, राहू द्या. माझ्याकडे सर्वांनी, दुःखाने माणूस काहीही बोलतो, अशा समजूतदारपणे पाहिलं.

दुपारी मी झोपले. उठून बाहेर आले तेव्हा घनश्यामभाऊंनी पेंटर आणून प्रश्न कायमचा मिटवला होता. बाबांच्या अक्षरावरून पेंटरने पांढरा ऑइल पेंट फिरवला होता. त्याखाली लाल रंगात 'अर्थ : चिरतरुण', आणि त्याखाली हिरव्यात 'लीलाधर गुरुजी'.

"बरोबर झालं ना?" घनश्यामभाऊ म्हणाले. "आता शंभर साल हलत नाही."

आई बाहेर येऊन फळ्यासमोर उभी राहिली. "ते खालचं काऊन पुसलं?" तिने विचारलं.

"कोनतं, वहिनी?"

"'अर्थ उद्या' होतं ना."

"आता अर्थ समजला ना," घनश्यामभाऊ म्हणाले. "उद्या कायले पाहिजे?"

 आई आत गेली.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम दहाव्या दिवशी ठरला होता. त्याचं फ्लेक्स नवेगाव-बांधच्या लोकेशच्या दुकानात दिलं गेलं. लोकेश बाबांचा विद्यार्थी. त्याने पैसे घेतले नाहीत, उलट आठ फुटांचं सांगितलेलं बारा फुटांचं केलं आणि मजकूर स्वतःच्या मनाने वाढवला. बाबांच्या फोटोभोवती किरणं, मागे आमच्याकडे कुठेही नसलेला बर्फाचा डोंगर, आणि वर ठळक अक्षरांत: 'तालुक्याचे एकमेव जेजून शिक्षक'.

पाचव्या दिवशी ग्रामपंचायतीची मासिक सभा होती. त्यात अंगणवाडीच्या जुन्या खोलीत वाचनालय काढण्याचा ठराव झाला. तो ठराव बाबांनी नऊ वर्षांत सात वेळा मागितला होता आणि दर वेळी खोलीत सिमेंटच्या पिशव्या असल्यामुळे तो पुढे गेला होता. आता पिशव्या एका तासात हलल्या. वाचनालयाचं नाव एकमताने ठरलं: जेजून वाचनालय.  अर्थ बरोबर असण्याची निम्मी शक्यता आहेच, असं मी स्वतःला सांगत होते. आणि उरलेल्या निम्म्यासाठी शब्दकोश उघडायची माझी हिंमत होत नव्हती.

तोवर शब्द गावात फिरायला लागला होता. गिरणीवाल्याने तांदळाच्या एका जातीला तो लावला. धुरपताबाईच्या नातीच्या लग्नाच्या बायोडाटात 'गोरी, बारावी पास, जेजून स्वभावाची' असं आलं, आणि तो लाखनीपर्यंत चार ठिकाणी पाठवला गेला. मी समोरून जाताना माणसं मान लववून सांगायची, "ताई, आज तब्येत एकदम जेजून हाय."

सहाव्या दिवशी मृत्यूच्या दाखल्यासाठी बाबांचं आधार कार्ड हवं होतं. ते शोधायला मी त्यांची पेटी उघडली. आधार कार्ड वरच होतं. माणसाला हवी ती वस्तू वरच मिळाली तर त्याने पेटी बंद करावी. मी खालच्या वह्या काढल्या.

अकरा वर्षांच्या अकरा वह्या. प्रत्येक पानावर तारीख, शब्द, अर्थ, वाक्य. बाबा दुसऱ्या दिवशीचा मजकूर आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे, वर्गाचं टाचण काढल्यासारखा. शेवटच्या पानावर सोमवारचा मजकूर तयार होता.

'जेजून. अर्थ : ज्यात पोषण नाही असे, कोरडे, रटाळ, कंटाळवाणे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ उपाशी. वाक्य : रोज सायंकाळी मी मुलीला फोन करतो. माझे बोलणे जेजून असते, तरी ती फोन उचलते.'

मी ते दोनदा वाचलं. मग मागची पानं उलटली. प्रत्येक शब्दासमोर समासात 'र.' आणि एक बरोबरची खूण. हजारो खुणा. पाच वर्षांपूर्वीच्या एका ऑगस्टमध्ये एक शब्द होता, 'ट्रम्बोलेट'. अर्थाच्या जागी लिहिलं होतं: 'असा शब्द नाही. मी तयार केला. फळ्यावर घ्यायचा नाही.' समासात 'र.' आणि बरोबरची खूण होतीच. तिच्याखाली बारीक अक्षरात: 'तिला सांगायचे नाही.'

मी वही मिटली. आईला विचारलं, गॅस बंद आहे का. आई म्हणाली, आहे. मी उठून स्वतः पाहून आले. बंद होता.

परिस्थिती आता अशी होती: ज्या माणसाने आयुष्यात एकही काना चुकू दिला नाही, तो माणूस बारा फुटांच्या फ्लेक्सवर तालुक्याचा एकमेव रटाळ शिक्षक म्हणून उभा होता. त्याच्या नावाने कंटाळवाणं वाचनालय निघत होतं. आणि दहाव्या दिवसाच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून येणार होते अर्जुनीचे मुन्नालाल सर, कॉलेजातून निवृत्त झालेले इंग्रजीचे प्राध्यापक आणि बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. ते फ्लेक्स वाचणार, आणि चारशे माणसांसमोर बाबांचं हसं होणार. हे सगळं माझ्या एका शब्दाने झालं होतं. चार दिवस हातात होते.

मी आधी लोकेशकडे गेले. दुकानात कुणी नाही असं पाहून त्याला खरा अर्थ सांगितला आणि तो शब्द काढून फ्लेक्स पुन्हा छापून दे म्हणाले.

लोकेशने संगणकावरून मान वर केली. "म्हणजे गुरुजी बोर करायचे, असं लिहिलं हाये आपन?"

"हो."

त्याने फ्लेक्स पडद्यावर पुन्हा उघडलं. "ताई, मग यात चुकलं काय?"

मी त्याच्याकडे पाहिलं.

"खोटं कायले बोलू. जेवनाच्या सुट्टीनंतर त्याईचा तास राहे. अर्धा वर्ग झोपे. मी तर घोरो." त्याने माऊस बाजूला सारला. "पन मॅट्रिकच्या पेपरात त्याईचंच आठवलं. कधी ऐकलं, काऊन ऐकलं, देवाले माहीत. झोपेतच गेलं असन आतमंदी."

फ्लेक्स बदलायला मात्र तो तयार झाला नाही. घनश्यामभाऊंची चिठ्ठी हवी, कारण फ्लेक्सच्या कोपऱ्यात त्यांचाही फोटो होता.

घनश्यामभाऊंकडे मी कारण न सांगता चिठ्ठी मागितली. ते म्हणाले, "चिठ्ठीचं काय, देतो. पन वाचनालयाचं नाव ठरावात गेलं. पहिले राजदीपले विचारा लागन."

राजदीप आमचे ग्रामसेवक. तीन गावांचा कारभार एका मोटारसायकलवर चालवतात, त्यामुळे ते बहुतेक वेळा दुसऱ्या गावात असतात. आठव्या दिवशी ते सापडले. मी त्यांना सांगितलं की शब्दाचा अर्थ चुकला आहे.

"कोणाचा?"

"माझा."

"म्हणजे अर्थ तुम्ही दिला होता." त्यांनी इतिवृत्त उघडलं. "हे पाहा, नोंद आहे. 'सदर शब्दाचा अर्थ त्यांच्या कन्येने चिरतरुण असा सांगितला असून सभेने तो मान्य केला.' मॅडम, अर्थ सभेने मान्य केलेला आहे."

"पण तो शब्दकोशात नाही."

"शब्दकोश सभेपुढे आला नव्हता." ते सभ्यपणे बोलत होते. "असं करा. एक अर्ज द्या. सोबत शब्दकोशाच्या पानाची साक्षांकित प्रत जोडा. पुढच्या महिन्याच्या सभेत ठेवू. पण त्यात 'अर्थ बदलून मिळणेबाबत' असं लिहू नका, ते आमच्या अधिकारात येत नाही. 'शब्द बदलून मिळणेबाबत' लिहा."

"साक्षांकित कोण करणार?"

"राजपत्रित अधिकारी किंवा मुख्याध्यापक." त्यांनी आठवल्यासारखं केलं. "आपल्या गावात सगळे गुरुजींच्याच ओळखीने करून आणायचे. आता तेही नाहीत."

नवव्या दिवशी मी एक डबा काळा रंग आणला आणि फळ्यावर फासायला गेले. कडेला ब्रशचा एकच फटका मारून झाला असेल, एवढ्यात धुरपताबाई समोरून धावत आली आणि तिने माझा ब्रश धरला. तिला वाटलं, मला दुःखाचा झटका आला आहे. दोन बायांनी मला धरून घरात आणलं, कांदा हुंगवला आणि पाठीवरून हात फिरवत बसल्या. मी त्यांना म्हणत होते की मला काहीही झालेलं नाही, आणि त्या एकमेकींना सांगत होत्या की असंच म्हणतात.

त्या गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या कोपराला काळा रंग लागला होता, तो ती रॉकेलच्या बोळ्याने पुसायला लागली.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुले तो शब्द माहीत नव्हता ते."

मी बाबांच्या फोटोकडे पाहिलं. "बाबांनाही माहीत होतं."

"त्याईले तं पाच साल पहिलेच समजलं. मी म्हटलं, मग विचारून कायले राहिले रोज? तं म्हणे, तिला वेळ नसतो. नाही म्हणाली तर मला सांगत बसावं लागेल. हो म्हणते म्हणून फोन लवकर होतो, आणि लवकर होतो म्हणून ती रोज उचलते." तिने माझा हात उलटा करून पाहिला. "जे काही असन ते. जाय, साबन लाव."

मी साबण लावला. बराच वेळ लावला.

दहाव्या दिवशी, आमच्या कुंपणाला लागूनच असलेल्या अंगणवाडीसमोरच्या मंडपात चारशेच्या वर माणसं होती. त्रिशरण, पंचशील झालं. मुन्नालाल सर वेळेवर आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. फ्लेक्ससमोर ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि शब्दावर नजर रोखून उभे राहिले. मी जवळ गेले. आता त्यांना बाजूला घ्यावं, हात जोडावेत आणि भाषणात तो शब्द टाळा म्हणावं, अशी वाक्यं मी रात्रभर जुळवली होती.

"सर," मी म्हणाले.

"आहाहा," मुन्नालाल सर म्हणाले. "जेजून. क्या बात है."

मला पुढची वाक्यं आठवेनात.

"लीलाधरने फोन किया था मुझे, त्याच रविवारी," ते म्हणाले. "'मुन्ना, जेजून, माहीत आहे?' मी म्हटलं, अरे, चाळीस साल इंग्रजी शिकवलं, मला विचारतोस?" ते फळ्याकडे वळले. लाल अक्षरांत लिहिलेला अर्थ त्यांनी ओठ हलवत वाचून घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी कुठेही ओळखली असती. "चिरतरुण. बिल्कुल सही. हेच. हेच मी म्हणणार होतो."

मग ते मंचावर गेले आणि पंचवीस मिनिटं बोलले. जेजून हा शब्द इंग्रजीतला अत्यंत दुर्मीळ अलंकार आहे आणि तो फार थोड्या माणसांना लावता येतो, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. घनश्यामभाऊंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. राजदीप लिहून घेत होते.

म्हणजे मी सुटले होते. चारशे माणसांत खरा अर्थ माहीत असणारे तिघं होते. त्यातल्या लोकेशला तो पटलेला होता आणि आदल्या संध्याकाळी जिला मी वही वाचून दाखवली होती, ती आई बोलणार नव्हती. शब्द आता अधिकृत झाला होता: सभेने मान्य केलेला, प्राध्यापकाने प्रमाणित केलेला, ऑइल पेंटमध्ये शंभर वर्षांसाठी. बाबांचं हसं होणार नव्हतं. मला हे सगळं समजत होतं आणि तरी, "आता कन्या दोन शब्द बोलतील" असं पुकारलं गेलं, तेव्हा मी पिशवीतून वही काढून मंचावर गेले.

"अर्थ चुकला आहे," मी म्हणाले.

माइकला हे वाक्य आवडलं नसावं, त्याने शिट्टी मारली. मी पुन्हा म्हणाले. "अर्थ मी सांगितला होता. तो मी मनानेच सांगितला. बाबांनी सोमवारसाठी लिहून ठेवलेला अर्थ वेगळा आहे."

आणि मी तो वाचला. कोरडे, रटाळ, कंटाळवाणे.  मुन्नालाल सरांनी खिशातलं एक पेन काढून टोपण पाहिलं. धुरपताबाई शेजारणीला म्हणाली, "अवं माय, बायोडाटा," आणि तिने तोंडावर पदर घेतला. घनश्यामभाऊ अर्धवट उठले होते, ते तसेच राहिले. मागे कुठेतरी लोकेश हसला. त्याला दोघा-तिघांनी साथ दिली. मग अख्ख्या एका बाकाने, मग त्यांच्या मागच्या बाकाने. ते सगळे बाबांच्या वर्गात जेवणाच्या सुट्टीनंतर झोपलेले लोक होते. ते हसणं वाईट नव्हतं. मी ते संपेपर्यंत थांबले.

"वाक्यात उपयोग," मी म्हणाले, आणि वाक्य वाचलं.

वाक्यानंतर कुणी हसलं नाही.

मला अजून बोलायचं होतं, पण ते मंडपाला उद्देशून नव्हतं. मंचाच्या कडेला बाबांचा फोटो खुर्चीवर ठेवला होता. काचेवरचा अंगठा आईने पुसला होता. मी माइक बाजूला केला. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, पुढच्यांना गेलं असेल. आई पहिल्या रांगेत होती.

"बाबा," मी म्हणाले, "जेजून मला माहीत नाही. तुम्ही सांगा. मला वेळ आहे."